पाकीट उलटं करून बघा

दिवाळीनंतर ह्यांची इथली, वडोदऱ्याच्या मकरपुऱ्यातली नोकरी गेली आणि घर माझ्या एकटीच्या पगारावर आलं. वाणसामानाचं बिल तेव्हा महिन्याला 9 हजारांच्या आसपास व्हायचं. आता साडेसहात भागतं, आणि ताटातलं काहीही कमी केलेलं नाही. हे सगळ्यांसमोर लिहितेय, कारण परवा दांडिया बाजारात एका मैत्रिणीनं इकडेतिकडे बघत विचारलं, "तू ते सुपरमार्केटच्या स्वतःच्या नावाचं स्वस्तातलं सामान घेतेस म्हणे?" हो, घेते. यात हळू आवाजात विचारण्यासारखं काय आहे?

मी एवढंच बघते, की पाकिटात जिन्नस किती. साखर, मीठ, रवा, पोहे, शेंगदाणे, तुवेरची डाळ. आत एकच वस्तू असेल तर नावासाठी जास्त पैसे द्यायचे नाहीत. मिठाचंच बघा ना. देशातलं बहुतेक मीठ आपल्या गुजरातेतच पिकतं. खायच्या मिठात आयोडीन कायद्यानंच लागतं, दुकानात विकताना ते किमान 15 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 15 भाग, असावंच लागतं, पाकिटावर नाव कुणाचंही असो. मग दुप्पट भाव कशाला?

स्वस्त का पडतं, तेही समजून घ्या. सुपरमार्केट ठोक माल घेऊन आपल्या नावानं पॅक करवून घेतं. टीव्हीवरची जाहिरात नाही, मधल्या वितरकाचं कमिशन नाही. पाकीट उलटं केलं की पॅक करणाऱ्याचं नाव, पत्ता आणि एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, 14 आकडी परवाना क्रमांक सापडतो. हे नसेल तर मी पाकीट परत ठेवते. माझी आई सांगायची, निरमा नवी होती तेव्हा तिलाही लोक हलकी पावडर म्हणायचे. 1969 साली करसनभाई पटेलांनी अहमदाबादेत घरी बनवून सायकलवरून विकलेली ती पावडर पुढे घराघरांत गेली.

तेलाच्या बाबतीत मात्र डोळे उघडे ठेवा. मी एकदा फसलेय. पाऊच 15 रुपयांनी स्वस्त म्हणून चार उचलले, घरी चष्मा लावून वाचलं तर आत 800 ग्रॅम. एक लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं. हिशेब केला तर महागच पडलं होतं. पूर्वी तेलाची मापं ठरलेली असायची, आता कंपनीला हवं तेवढं भरता येतं. म्हणूनच दर ग्रॅमचा किंवा किलोचा भाव छापणं सक्तीचं झालंय. एमआरपीच्या जवळच बारीक अक्षरांत असतो, दोन पाकिटांची तुलना त्यावरूनच करा. मोठं पाकीट स्वस्तच असतं असंही नाही. आणि 'ब्लेंडेड' लिहिलं असेल तर ती दोन तेलांची मिसळ असते, कुठली आणि किती टक्के तेही मागेच छापलेलं असतं.

चहा आणि मसाल्यांना माझा हा नियम लागू नाही. एका दुकानाच्या नावाची चहापत्ती आणून बघितली, दीड चमच्याच्या जागी अडीच घालूनही रंग येईना. म्हणजे वाचलं काय? गरम मसाला मी घरीच करते.

सगळंच सुपरमार्केटातून आणायचं असंही माझं म्हणणं नाही. जुलै 2022पासून पॅक करून लेबल लावलेल्या डाळी-पिठांवर 5 टक्के जीएसटी लागतो, सुट्या मालावर तो नाही. त्यामुळे डाळ आम्ही चार घरं मिळून हाथीखान्याच्या घाऊक धान्यबाजारातून आणतो आणि वाटून घेतो. गहू तर उन्हाळ्यात वर्षाचाच भरतो, दिवेल म्हणजे एरंडेल चोळून. सासूबाई अजून स्वतः बसून चोळतात.

नातेवाइकांचं बोलणं मला लागलं, हे खोटं कशाला बोलू? जाऊबाई स्वयंपाकघरात डबे बघून म्हणाल्या, "अगं, पाहुण्यांना तरी चांगलं वापर." त्याच दिवशी त्यांनी दोनदा मागून घेतलेला शिरा याच रव्याचा, याच साखरेचा होता. मी त्यांना तसं सांगितलं. वाचलेल्या पैशांतून मुलीच्या क्लासची फी वेळेवर जातेय, तेही सांगितलं.

तुमच्यापैकी कोणी दुकानाच्या नावाचं कपड्यांचं लिक्विड वापरलं असेल तर कळवा. रंगीत सुती साड्यांवर कसं चालतं, ते मला विचारायचंय.