‘आमच्याच वर्गाला का?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अमेरिकेत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांच्या शाळांत एचआयव्ही प्रतिबंधाचे आणि निरोगी नात्यांचे तास चालतात. त्यांच्याबद्दल मी लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनतीनदा वाचली. चार ओळींत उत्तर देता आलं असतं. पण तुम्ही सातवीतल्या मुलीचे वडील म्हणून लिहिलंय, आणि तिच्या तिथल्या शाळेतून आलेलं संमतीपत्र अजून सहीविना पडलंय म्हणता, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. ठरावीक वर्णाच्या मुलांना निवडून हे शिकवणं म्हणजे त्यांच्या कपाळावर शिक्का मारणं. वर्गात असलं बोललं की मुलांना मोकळं रान मिळतं. आणि नातं कसं असावं हे काय शाळेने शिकवायचं? तेवढ्या वेळात गणित घ्या.

शिक्क्याचा मुद्दा मला लागला, कारण त्यात तथ्य आहे. अशा वर्गांत मी दोन वर्षं मदतनीस होते. पहिल्या दिवशी आम्ही एक प्रश्नावली वाटली. मुलांना आधी काय माहीत होतं आणि नंतर काय कळलं, हे ताडून बघायला. मागच्या बाकावरच्या एका मुलाने कागद घेतला, पालथा घातला, पेन त्यावर आडवं ठेवलं आणि विचारलं, “आमच्याच वर्गाला का? आमच्यावर प्रयोग चाललाय का?” कुणीही हसलं नाही.

त्या प्रश्नामागे चाळीस वर्षांचा इतिहास आहे. अलाबामा राज्यातल्या मेकन काउंटीत १९३२ ते १९७२ या काळात सरकारी आरोग्य सेवेने सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास चालवला. तिथल्या गावाच्या नावावरून त्याला ‘टस्कीगी’चा अभ्यास म्हणतात. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस हा शरीरसंबंधातून पसरणारा आजार होता. पेनिसिलिनने तो बरा होतो हे कळल्यानंतरही त्यांना उपचार दिले नाहीत. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली ती १९९७ साली. त्या मुलाने हे कुठे वाचलं होतं की घरातल्या कुणाकडून ऐकलं होतं, मी विचारलं नाही. आमच्या शिक्षिकेने मात्र ठरलेला धडा मिटला आणि अख्खा तास टस्कीगीवर बोलल्या. पुढच्या आठवड्यात त्याने प्रश्नावली भरून दिली.

तेव्हा वर्ण बघून मुलं वेगळी काढायला माझाही विरोधच आहे. पण शिक्का नको म्हणून विषयच नको, हे मला पटत नाही. अमेरिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय सुमारे १३ टक्के आहेत, आणि एचआयव्हीच्या नव्या निदानांत त्यांचा वाटा सुमारे ४० टक्के. तुम्ही लिहिलंत, “हा शेवटी वागणुकीचा प्रश्न आहे.” इथे तुमची गफलत होतेय. २००७ साली अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थमध्ये १८ ते २६ वयाच्या तरुणांच्या राष्ट्रीय पाहणीवरचा एक अभ्यास आला. गोऱ्या तरुणांना लैंगिक आजारांचा आणि एचआयव्हीचा असलेला धोका त्यांच्या वागण्यात जोखीम असली की वाढत होता. कृष्णवर्णीय तरुणांचा धोका अगदी चारचौघांसारखं वागूनही जास्तच होता. माणूस जोडीदार आपल्या ओळखीपाळखीतूनच निवडतो. त्या वर्तुळात निदान न झालेली, उपचार न मिळालेली माणसं जास्त असतील, तर सावधपणे वागणाऱ्यालाही संसर्ग गाठतो. नियमित औषधांनी रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका खाली आला आणि तसाच राहिला, की त्या व्यक्तीकडून शरीरसंबंधातून लागण होत नाही. म्हणजे ज्या वस्तीत आरोग्यविमा नाही, दवाखाना लांब आहे आणि डॉक्टरवर विश्वास नाही, तिथे विषाणू फिरत राहतो. हे कारण मुलांना सांगायलाच हवं. ‘तुम्ही बेफिकीर आहात म्हणून तुम्हाला शिकवतोय’ असं सुचवणारा वर्ग मुलांशी खोटं बोलतो.

मोकळं रान नको म्हणून मुलांना फक्त ‘थांबा’ सांगावं म्हणाल, तर ते तपासून झालंय. फक्त ‘लग्नापर्यंत थांबा’ एवढंच शिकवणाऱ्या चार सरकारी उपक्रमांचं मोठं मूल्यमापन २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. दोन हजारांवर मुलं होती. ज्यांना ते शिकवलं आणि ज्यांना नाही, त्यांच्यात थांबण्याच्या बाबतीत फरक दिसला नाही. पण तुमच्या बाजूचंही सांगते. २०१० साली सहावी-सातवीतल्या ६६२ कृष्णवर्णीय मुलांवरचा अभ्यास आला, त्यात थांबण्यावर भर देणाऱ्या वर्गाचा खरोखर उपयोग झाला होता. दोन वर्षांत त्यातल्या सुमारे एक तृतीयांश मुलांनी संबंध सुरू केले, तुलनेच्या गटात जवळपास निम्म्यांनी. त्या वर्गात लग्नापर्यंत थांबा असा आग्रह नव्हता, नीतीचं प्रवचन नव्हतं, कंडोमची बदनामी नव्हती. थांबायचं असेल तर कसं थांबायचं, याचा सराव होता. असा वर्ग तुमच्या मुलीला मिळाला तर मला आनंदच होईल.

आता नात्यांचं. याला तुम्ही ‘फाजील लाड’ म्हणालात. आमच्या वर्गात प्रश्नपेटी होती, बुटाच्या खोक्याला वर चीर पाडून केलेली. सगळ्यांनी चिठ्ठी टाकायचीच, प्रश्न नसेल तर कोरी. म्हणजे कुणी लिहिलं ते कळत नाही. एकदा एक चिठ्ठी इतक्या घड्या घालून आली की उलगडताना कोपरा फाटला. आत पेन्सिलीने लिहिलं होतं : ‘तो रोज माझा फोन तपासतो. काळजी वाटते म्हणून ना?’ एचआयव्हीचा त्यात उल्लेखही नाही. पण ज्या मुलीला ‘माझ्या फोनला हात लावू नकोस’ म्हणता येत नाही, ती उद्या ‘आधी दोघं टेस्ट करून घेऊ’ हे वाक्य कुठून आणणार? अमेरिकेतल्या २०१९ च्या शालेय पाहणीत, डेटिंग करणाऱ्या हायस्कूलच्या मुलांपैकी बारामागे एकाने जोडीदाराकडून मारहाण झाल्याचं सांगितलं. मार खाणाऱ्याकडून कंडोमचा आग्रह धरला जाईल, ही अपेक्षाच क्रूर आहे.

म्हणून आम्ही वाक्यं मोठ्याने म्हणून घ्यायचो. “मला नको आहे.” “आज नाही, आणि कारण सांगणार नाही.” पहिल्या वेळी बहुतेकांचा आवाज घशातच राहायचा. एक मुलगी तीनदा “सॉरी, पण” ने सुरुवात करायची. चौथ्या खेपेला तिने ‘सॉरी’ गाळलं आणि स्वतःच दचकून बाईंकडे बघितलं. गणिताचा तास महत्त्वाचा आहे, मान्य. हाही आहे.

सहीबद्दल विचाराल तर आधी शाळेकडे सगळं साहित्य मागून घ्या आणि वाचा. बहुतेक राज्यांत पालकांना मुलाला या तासातून वगळता येतं, तो हक्क कुठे जात नाही. वर्ग कोण घेणार, प्रश्नपेटी आहे का, आणि मुख्य म्हणजे सगळी मुलं एकत्र बसणार की काहींनाच वेगळं काढलंय, हे विचारा. वेगळं काढलं असेल तर सही करू नका, सरळ मुख्याध्यापकांना भेटा. पत्र लिहायचं असेल तर मला कळवा, आपण मिळून लिहू.