आग्रहाची विषयवस्तू

विम्याच्या जाहिरातीच्या तळाशी, मुंगी शाईत पाय बुडवून चालत गेल्यासारख्या अक्षरात, एक वाक्य वर्षानुवर्षं असायचं: 'विमा ही आग्रहाची विषयवस्तू आहे.' पुष्कळांना त्याचा अर्थ लागला नाही. पंगतीत जेवलेल्या माणसाला तो लगेच लागायला हवा. आग्रह करणारा उभा असतो, आपण मांडी घालून बसलेले असतो आणि पाचवी जिलबी पानात पडताना 'नको' म्हणायला तोंड रिकामं नसतं.

सध्या देशात विम्याचे कायदे सुधारताहेत. सगळा भार सरकारवर टाकणं बरं नाही, तुम्हीही आपलं काम चोख करा.

एजंट घरी आला की आधी चहा टाका. तो मेहुण्याचा मित्र असतो, नाहीतर तुमच्याच शाळेतले निवृत्त सर. मार्च असेल तर पोहेही करा. अर्ज स्वतः भरू नका, त्याचं अक्षर चांगलं असतं. मधुमेह, रक्तदाब, पूर्वीची ऑपरेशनं ही सगळी रांग तो 'नाही, नाही, नाही' करत एका दमात खाली आणतो. तुमच्या साखरेच्या गोळ्यांचं पाकीट समोर टीपॉयवरच असतं, त्यावर तो अदबीनं वर्तमानपत्र सरकवतो. तुम्ही पेन्सिलीच्या फुल्या बघून सह्या करायच्या. अर्जातच विमा कायद्याचं कलम ४१ छापलेलं असतं: विमा घ्यावा म्हणून कमिशनातून सूट देऊ नये, घेऊही नये, दंड १० लाखांपर्यंत. त्याचा अंगठा नेमका त्या ओळींवर असतो आणि तो सांगत असतो, "पहिला हप्ता आपल्याकडून, वहिनी!"

त्या 'नाही, नाही'ची काळजी करू नका. त्याच कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षं उलटल्यावर आयुर्विम्याच्या पॉलिसीवर कुठल्याही कारणानं शंका घेता येत नाही. तेव्हा तुमच्याकडून अपेक्षा एवढीच की तीन वर्षं मरू नये.

पॉलिसी पसंत पडली नाही तर परत करायला पूर्वी १५ दिवस मिळायचे, २०२४ पासून ३० मिळतात. पाकीट फ्रिजवर ठेवा. एकतिसाव्या दिवशी उघडा.

आता देशकार्य. १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी रेडिओवरून आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण जाहीर केलं. लहानमोठ्या २४५ संस्था एका महामंडळात, म्हणजे एलआयसीत, गेल्या. जनतेची बचत देशाच्या कामी यावी हा उद्देश. महामंडळाला वर्षही झालं नव्हतं, तोच ती बचत उद्योगपती हरिदास मुंदडांच्या कामी आली: त्यांच्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपासचे शेअर घेतले गेले, न्यायमूर्ती छागलांचा चौकशी आयोग बसला आणि १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारी पायउतार झाले. देशमुख त्याआधीच मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देऊन मोकळे झाले होते. मराठी माणसाला बाहेर पडण्याची वेळ अशी क्वचितच साधते.

पुढे दारं किलकिली झाली. परदेशी भांडवलाला आधी २६ टक्के, २०१५ मध्ये ४९, २०२१ मध्ये ७४. मग २०२५ च्या अर्थसंकल्पात थेट १०० टक्क्यांची घोषणा, आणि अट काय, तर हप्त्याचा सगळा पैसा भारतातच गुंतवायचा! ऐकून ऊर भरून आला पाहिजे. पॉलिसीधारकांचा पैसा देशाबाहेर गुंतवायला कायद्यानं आधीपासूनच बंदी आहे, हे सांगून कुणी विरस करू नये. जन्माच्या शाकाहाऱ्यानं श्रावणात मटण सोडल्याचं जाहीर केलं, तर आपण त्याचं कौतुकच करतो ना?

पारंपरिक आयुर्विम्याचा निदान निम्मा पैसा सरकारी आणि तत्सम मान्य रोख्यांत घालावाच लागतो. म्हणजे स्वदेशी गुंतवणूकदार म्हणतात तो तुम्हीच. कुणी हार घातला नाही तरी हप्ते चुकवू नका.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं नवं विधेयक मंजूर केलं, त्याच्या नावातच 'सबकी रक्षा' आहे. त्यात पॉलिसीधारकांच्या शिक्षण आणि संरक्षणासाठी निधीही आहे. क्रम नीट वाचा. आधी शिक्षण.

आमचं झालंय ते शिक्षण. गेल्या वर्षी सासऱ्यांना डॉक्टर सकाळी दहाला म्हणाले, "आजोबा, सुटलात." पाच वाजता आजोबा शर्टाची बटणं लावून, पायात चपला घालून पलंगाच्या कडेला बसलेले, सुईच्या जागी कापूस, शेजारी पिशवीत उरलेली मोसंबी. कॅशलेसच्या खिडकीतली मुलगी दर अर्ध्या तासानं सांगे, "सर, मेल केलाय." नियम म्हणतो, डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत, उशिरामुळे रुग्णालयानं जादा आकारलं तर ते कंपनीनं भागधारकांच्या पैशातून सोसायचं. हे मी खिडकीत बोलून दाखवलं आणि मेल पुन्हा केला गेला. तुम्ही बोलू नका. आठ वाजता घरी पोहोचलो, मोसंबी तिथंच संपली होती.

क्लेम नाकारला तर विमा लोकपाल आहे. पुण्यात आहे, मुंबईतही आहे. फी नाही, वकील नाही, ५० लाखांपर्यंतचा निवाडा करतो. असल्या फुकटच्या ठिकाणी जाणं बरं दिसत नाही. कंपनीच्या नकारापासून वर्षभराची मुदत असते, ती सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'सगळे चोर' लिहिण्यात सहज निघून जाते.

राहता राहिला मूळ कागद. तो कपाटात शालूच्या घडीत ठेवा आणि बायकोला मुळीच सांगू नका, तिला उगाच काळजी. नॉमिनी म्हणून लग्नाआधी आईचं नाव घातलं होतं, तेच राहू द्या. तुमच्यामागे कुणी मागितलं नाही तर दहा वर्षांनी ते पैसे ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जातात. तोवर तुमची बायकोही ज्येष्ठ नागरिक झालेली असेल, म्हणजे पैसा घरातच राहिला म्हणायचा. शिवाय त्यानंतरही २५ वर्षं दावा करता येतो. घाई नाही.