वर्ण गव्हाळ, स्वभाव नम्र

मला दिसत नाही. फोनमधला टॉकबॅक पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो आणि तो इअरफोनमधून फक्त मलाच ऐकू येतो, असा आमचा करार आहे. परवा स्वारगेटला इअरफोनने हा करार मोडला. एसटीचे आरक्षण संपलेले असल्यामुळे एका खासगी ट्रॅव्हल्सच्या संकेतस्थळावर मी कोल्हापूरचे तिकीट शोधत होतो. पान उघडताच फोन खणखणीत आवाजात म्हणाला, "फोल्डेड हँड्स मीडियम स्किन टोन, फोल्डेड हँड्स मीडियम स्किन टोन, फोल्डेड हँड्स मीडियम स्किन टोन, बुके, पार्टी पॉपर, आपले स्वागत आहे."

बाकावरचे काका सरकून जवळ आले.

"स्थळ बघताय?"

"तिकीट काढतोय."

"अहो, लाजायचं काय त्यात? मीडियम म्हणजे गव्हाळच. आणि मुलगी नम्र दिसते, सारखी हात जोडतेय."

ती चित्रे आहेत, प्रत्येक चित्राला ठरलेले नाव असते आणि फोन ते जितकी चित्रे तितक्या वेळा वाचतो, हे मी त्यांना सविस्तर समजावले. काकांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "शिक्षण कुठं सांगणार ते?"

वर्णाचा हा घोळ २०१५ सालचा. त्या वर्षी, अक्षरे आणि इमोजी यांना जगभर एकच क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकाच्या ८.० आवृत्तीत, फिट्झपॅट्रिक या त्वचावैद्यांच्या मोजपट्टीवरून, इमोजींना त्वचेच्या पाच छटा मिळाल्या. हेतू चांगलाच होता. आपल्या हातांना आपला रंग कोणाला नको असतो? परंतु तिकिटाच्या खिडकीवर, आधी वर्णाचा खुलासा करून मग तीनदा नमस्कार करणारा कारकून मी अजून पाहिलेला नाही.

पुढे आसनांचा तक्ता आला. "ग्रीन सर्कल, रेड सर्कल, रेड सर्कल, ग्रीन सर्कल."

"मंगळ आहे," काका हळहळले. "तोही दोन घरांत."

मला हसू आले नाही, कारण कोणते आसन रिकामे आणि खिडकी कोणाला, हे त्या वर्तुळांत कुठेच नव्हते. लाल-हिरव्यातला फरक न कळणारे डोळस लोकही इथे माझ्याच रांगेत उभे राहतात. वास्तविक 'आसन ७, खिडकी, रिकामे' एवढे शब्द लिहायला पैसे पडत नाहीत. चित्र हवेच असेल तर पानाच्या कोडमध्ये एरिया-लेबल (aria-label) ही खूण लावून त्याला फोनने वाचायचा अर्थ द्यावा, निव्वळ शोभेचे असेल तर एरिया-हिडन (aria-hidden) लावून ते फोनला वाचू देऊ नये. चित्राला शब्दांचा पर्याय द्या, हा डब्ल्यूसीएजीचा, म्हणजे संकेतस्थळे अपंगांनाही वापरता यावीत यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांचा, अगदी पहिला, १.१.१ क्रमांकाचा निकष आहे. पण मुखपृष्ठावर गुच्छ आणि फटाके लावणाऱ्यांना तेवढ्यापुरती सवड मिळत नाही. वर 'अॅप वापरा, सोपे आहे' असा सल्लाही मिळतो.

शेवटी फोन काकांच्या हाती द्यावा लागला, म्हणजे नाव, वय, मोबाइल क्रमांक आणि गावाला जाण्याचे कारण अर्ध्या फलाटाला कळले. काकांनी मन लावून अर्ज भरला. पैसे गेल्यावर फोनने तिकीट वाचले, तेव्हा माझे वय सेहेचाळीसचे छत्तीस झालेले होते.

"असू द्या," काका हळूच म्हणाले, "बोलणी करताना बरं पडतं."

वय दुरुस्त करण्याची सोय त्याच पानावर आहे म्हणे. तिथे तीन बटणे आहेत आणि फोन त्यांना अनुक्रमे 'मॅजिक वाँड', 'फायर' व 'वेस्टबास्केट' म्हणतो. यातले एक नक्कीच तिकीट रद्द करते, आणि परतावा मिळत नाही, ही सूचना मात्र त्यांनी स्वच्छ शब्दांत लिहिलेली आहे.