‘रेड आहे ना, मग बॅकअप कशाला?’

रेड (RAID) म्हणजे अनेक हार्ड डिस्क जोडून एकच डिस्क असल्यासारख्या वापरणं; रेड ५, रेड ६ हे त्याचे प्रकार. छोट्या व्यवसायांसाठीचा एक सल्ला सध्या जोरात फॉरवर्ड होतोय: ‘चार हार्ड डिस्क रेड ५ मध्ये जोडा. एक गेली तरी डेटा सुरक्षित. स्पीड वाढतो. बॅकअपचा खर्चही वाचतो.’

‘एक गेली तरी सुरक्षित.’ गणित बरोबर आहे. तीन डिस्कवर १, ०, १ असे बिट असतील, तर चौथीवर पॅरिटी (ताळा जुळवणारा जादा बिट) म्हणून ० लिहिला जातो, म्हणजे एकूण ‘१’ सम राहतात. मधली डिस्क मेली तरी तिथे काय होतं ते उरलेल्यांवरून काढता येतं. पण दुसरीही गेली की सगळा कारभार आटोपला. आणि ती जाण्याची धास्ती नेमकी रिबिल्डच्या, म्हणजे मेलेल्या डिस्कचा डेटा नव्या डिस्कवर पुन्हा उभा करण्याच्या वेळी. १२ टीबीची नवी डिस्क सेकंदाला २०० एमबी वेगाने भरायची म्हटली तरी जवळपास १७ तास लागतात. ऑफिसचं काम चालू असेल तर त्याहून जास्त. तेवढा वेळ जुन्या तिन्ही डिस्क अखंड वाचल्या जातात. त्या बहुधा एकाच खोक्यातून आलेल्या, सारख्याच झिजलेल्या. मोठ्या डिस्क असतील तर मी रेड ६ घेईन, त्यात कोणत्याही दोन गेल्या तरी निभावतं.

‘स्पीड वाढतो.’ वाचताना, हो. लिहिताना मात्र रेड ५ मध्ये छोट्याशा बदलासाठीही जुना डेटा आणि जुनी पॅरिटी वाचायची, मग दोन्ही नव्याने लिहायची. एका कामाची चार कामं.

‘बॅकअपचा खर्च वाचतो.’ इथे मात्र माझं डोकं फिरतं. एका ऑफिसात मी स्वतः पाहिलंय: कुणीतरी घाईत हिशोबाचं अख्खं फोल्डर शिफ्ट-डिलीट केलं. मिररिंग (दोन डिस्कवर एकच डेटा ठेवणारा रेडचा प्रकार) होतं, म्हणून ते दोन्ही डिस्कवरून एकदमच उडालं. डिस्कच्या बॉक्सवरचे दिवे हिरवेच. रेडने सांगितलेलं काम चोख केलं होतं! खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरने फाइली कुलूपबंद केल्या तरी हेच, आणि बॉक्सच चोरीला गेला तर बोलायलाच नको.

१९८८ च्या बर्कली विद्यापीठाच्या मूळ शोधनिबंधात रेडमधला (RAID) ‘आय’ ‘स्वस्त’ या अर्थाचा होता. महागड्या मोठ्या डिस्कऐवजी स्वस्त छोट्या डिस्कचा ताफा वापरायचा, पण डिस्क वाढल्या की बिघाडही वाढणार, म्हणून ही जादा माहिती ठेवायची सोय. बॅकअपचं काम तिच्याकडे कधी नव्हतंच.

तेव्हा रेड जरूर ठेवा. शिवाय एक प्रत वेगळ्या उपकरणावर आणि एक ऑफिसबाहेर, नेटवर्कपासून तोडलेली. आणि त्या प्रतीतून मागच्या आठवड्यातली एखादी फाइल आजच परत आणून, उघडून बघा.