टोस्टला वेळ का लागतो: पार्ल्यातल्या आमच्या दुकानाच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू वाचला. दुपारी सव्वाला व्हेज चीज टोस्ट सांगितलात, वीस मिनिटं उभं राहावं लागलं, मागून आलेल्या गृहस्थांना आधी मिळालं, कोळशाची चव गेली आणि जीएसटी उतरूनही आमचा भाव उतरला नाही, असं लिहून तुम्ही दोन स्टार दिलेत. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची आणि त्यातली वीस मिनिटं फुटपाथवर गेली तर राग येणारच. म्हणून सविस्तर लिहितो.

मागून आलेल्यांनी साधं सँडविच घेतलं होतं. ते लावलं, कापलं की लगेच हातात जातं. टोस्ट गॅसवर जातो. आमच्याकडे एका वेळी चार टोस्टर चढतात, एका बाजूला दोन-अडीच मिनिटं, उलटून पुन्हा तेवढीच. आच वाढवली तर पाव बाहेरून करपतो आणि आतलं चीज तसंच गार राहतं. एक ते अडीच या वेळात साठ्ये आणि डहाणूकर कॉलेजची मुलं, बँकेतले, दुकानांतले लोक सगळे एकदमच येतात. त्यातच जैन टोस्ट आला की त्याची कापायची फळी, सुरी आणि टोस्टर वेगळा. कांदा, बटाटा, बीट यांतलं काही त्याला लागता कामा नये, तिथे आम्ही घाई करत नाही.

‘आधीच लावून का ठेवत नाही?’ असंही तुम्ही विचारलंय. काकडी-टोमॅटोला मीठ-मसाला लागला की पाणी सुटतं. आम्ही पावाच्या कडेपर्यंत बटर लावतो ते चवीसाठी आहेच, पण चटणीचं आणि भाजीचं पाणी पावात उतरू नये म्हणूनही आहे. तो थर थोडा वेळच तग धरतो. मग बिटाखालचा पाव लाल, ओला होतो आणि असा पाव टोस्टरमध्ये घातला तर भाजला न जाता नुसता वाफवला जातो. चटणीचंही तसंच. कोथिंबीर, मिरची, आलं, लिंबू आणि घट्टपणाला थोडं डाळं. सकाळची चटणी दुपारपर्यंत काळपट पडते, म्हणून बाराच्या सुमाराला दुसरी वाटतो. लावून ठेवलेल्या सँडविचची थप्पी आमच्या काउंटरवर तुम्हाला कधीच दिसणार नाही.

कोळशाबद्दलचं तुमचं म्हणणं मला पटतं, निखाऱ्यावरच्या टोस्टचा वास वेगळाच. पण जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर यायला सांगितलं आणि पालिकेने कोळशाचे तंदूर वापरणाऱ्या हॉटेलांना, ढाब्यांना ८ जुलैची मुदत दिली. आम्हीही सिगडी काढून गॅस घेतला. माझ्या मते झालं ते बरंच झालं. धूर वरच्या मजल्यावरच्या घरांत शिरायचा आणि शेगडीपाशी दिवसभर उभ्या असणाऱ्या मुलाच्या छातीत जायचा. त्या वासासाठी मी सिगडी परत आणणार नाही.

आता भाव. २२ सप्टेंबर २०२५ पासून बटर आणि चीजवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. अमूलचं १०० ग्रॅम बटर ६२ रुपयांचं ५८ झालं, एक किलो चीज ५७५ चं ५४५. आमच्या एका टोस्टमध्ये साधारण २५ ग्रॅम चीज आणि १२ ग्रॅम बटर जातं. म्हणजे चीजचे पाऊण रुपया आणि बटरचे पन्नास पैसे धरून वाचतो तो सव्वा रुपया. पावसाळ्यात कोथिंबिरीची जुडी कडाडते तेव्हा आम्ही टोस्टचा भाव चढवत नाही, ही बचत तिकडे खर्ची पडते. वनस्पती तेलाचं स्वस्त ‘चीज’ वापरून भाव खाली आणता येईल. ते मी करणार नाही.

पुन्हा आलात तर साडेबाराच्या आत किंवा अडीचनंतर या, पाच-सहा मिनिटांत टोस्ट मिळेल. मधल्या वेळात यायचं असेल तर निघताना फोन करा, नंबर दुकानाच्या पाटीवर आहे, तुमचा टोस्ट त्या हिशेबाने चढवू. फोन राहिलाच तर ऑर्डर देताना गल्ल्यावर विचारा, पुढे किती टोस्ट आहेत ते तिथे कळेल. वेळ कमी असेल त्या दिवशी साधं चीज सँडविच घ्या. भाजी आणि चटणी तीच असते.