बायबलमधल्या यिर्मया २९:११ च्या नावाने फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

नाशिकच्या शरणपूर रोड भागातल्या चर्चच्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘यिर्मया २९:११ रोज म्हणा, ११ जणांना पाठवा, वर्ष संपायच्या आत नोकरी, लग्न, घर सगळं मार्गी लागेल. देवाने शब्द दिलाय.’

असा शब्द देवाने दिलेला नाही. ‘तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत’ असं देव म्हणतो, ते हे वचन. यरुशलेमहून बाबेलात बंदिवान होऊन गेलेल्यांना यिर्मया संदेष्ट्याने जे पत्र धाडलं, त्यातलं. त्याच्या अगदी वरच्या, दहाव्या वचनात मुदत लिहिलीय: ७० वर्षं. झटपट सुटका सांगणारा होता तो हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा. दोन वर्षांत सगळं परत येईल म्हणाला. २८ वा अध्याय काढून बघा, खोटा ठरला. पत्रात उलट सांगितलंय की घरं बांधा, मळे लावा, त्यांचं उत्पन्न खा, मुलाबाळांची लग्नं करा आणि ज्या शहरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. (११ जणांना पाठवायचं कुठेच नाही.)

वचनावर भरवसा ठेवावाच. पण अंबडला कंपनीतून कमी केलेल्या पोराला हा फॉरवर्ड पाठवून वर ‘तुझाच विश्वास कमी पडला’ असं ऐकवू नका. त्यापेक्षा त्याचा बायोडेटा चार ठिकाणी पोचवा.