लस तयार, पण परवाना?

आमच्या परभणीच्या पशुवैद्यकीय बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या दोन तट पडलेत. कृषी आणि पशू विद्यापीठांच्या मोकळ्या जमिनीवर बायोटेक कंपन्यांसाठी पार्क उभारावेत की नाहीत, असा वाद आहे. एक तट म्हणतो, अमेरिकेत बघा, विद्यापीठातूनच कंपन्या निघतात. दुसरा म्हणतो, जमीन एकदा दिली की विद्यापीठाकडे नुसतं कुंपण उरतं. मी अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या एम्स या गावात राहतो आणि इथे असा पार्क आहे, म्हणून दोन्हीकडचे मला साक्षीदार म्हणून ओढतात.

पार्क म्हटल्यावर आईला बाग वाटली होती. तसं बघण्यासारखं तिथे काही नाही. गावाच्या दक्षिणेला, हायवेच्या पलीकडे कचेऱ्या आणि प्रयोगशाळांच्या इमारती. १९८७ पासून आयोवा स्टेट विद्यापीठाचा हा रिसर्च पार्क चालू आहे. कारभार ना-नफा तत्त्वावरच्या वेगळ्या संस्थेकडे आहे.

त्याची खरी गंमत मला शेजारात दिसते. २०१३ च्या वसंतात अमेरिकेत डुकरांच्या पिल्लांना हगवणीचा एक नवा रोग लागला. त्याचं नाव पीईडी. आठवड्याच्या आतली पिल्लं पटापट मरत होती. डुकरं पाळणारे नमुने घेऊन आले ते विद्यापीठाच्या निदान प्रयोगशाळेत, इथेच. निदानाची खात्री करणारी केंद्र सरकारची प्रयोगशाळाही याच गावात. विद्यापीठातले प्राध्यापक हँक हॅरिस यांनी २००६ मध्ये काढलेली हॅरिसव्हॅक्सीन्स ही छोटी कंपनी पार्कात होती. या रोगावरची तिची लस आरएनएवर, म्हणजे विषाणूच्या जनुकीय संदेशावर चालणारी. विषाणू वाढवत बसायचं नाही, त्याच्या जनुकाचा क्रम मिळाला की काम सुरू. आणि जनावरांच्या लसींना परवाना देणारं केंद्रीय कार्यालय? तेही एम्समध्येच. जून २०१४ मध्ये लसीला सशर्त परवाना मिळाला. म्हणजे सुरक्षिततेची खात्री पटली आणि गुण येईल अशी वाजवी अपेक्षा दिसली की लस वापरायला द्यायची, बाकीचा पुरावा मागून. रोग दिसल्यापासून साधारण चौदा महिने.

आता घरचं. लम्पी हा गुरांच्या अंगावर गाठी आणणारा रोग भारतात २०१९ मध्येच आला होता. हिसार आणि इज्जतनगरच्या सरकारी संस्थांनी केलेली देशी लस ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर झाली. त्याच पावसाळ्यानंतर सांगोल्यात आमच्या अण्णांचा खिल्लार बैल गेला. अंगभर गाठी, पाय सुजलेले, शेवटी बसला तो उठलाच नाही. सरकारी मदत बैलामागे पंचवीस हजार. गोठ्यातल्या बाकीच्या जनावरांना शेळ्यांच्या देवीची लस टोचली, कारण हाताशी तीच होती. तिने बऱ्यापैकी काम भागवलं, हेही खरं. पण खास लम्पीची लस बनवायला कर्नाटकातल्या बायोव्हेट कंपनीला परवाना मिळाला तो फेब्रुवारी २०२५ मध्ये. शास्त्रज्ञ कमी पडले असं कुणी म्हणू नये. लस एका राज्यात, कारखाना दुसऱ्या, सही दिल्लीत. मधल्या प्रवासाची घाई कुणालाच नव्हती.

म्हणून जमीन द्या म्हणणाऱ्या मित्रांना माझं म्हणणं, इमारत बांधून हे होणार नाही. गाभण म्हैस गाभडली तर तिचा नमुना बर्फात घालून दोन दिवसांत प्रयोगशाळेत पोचतो का, आणि त्याचा रिपोर्ट गोठ्यापर्यंत परत येतो का, आधी ते बघा. आमच्या नोकरीच्या काळात थर्मास होता, गाडी नव्हती. गाडी आली तेव्हा डिझेलचं बिल अडलं.

पण दुसऱ्या तटाची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. हॅरिसव्हॅक्सीन्स २०१५ मध्ये मर्क या बड्या औषध कंपनीने विकत घेतली. सरकारी पैशावर पोसलेल्या विद्यापीठाच्या अंगणात वाढलेलं ज्ञान बड्या कंपनीच्या खात्यात गेलं. इथल्या लोकांना त्यात वावगं वाटत नाही, मला अजून थोडं खुपतं. शिवाय इथे लस निघाली ती डुकरांसाठी, कारण आयोवात माणसं बत्तीस लाख आणि डुकरं दोन कोटींच्या वर. गिऱ्हाईक समोर उभं होतं. उस्मानाबादी शेळी पाळणाऱ्या बाईसाठी पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथरोगाची लस करायला कुठली स्टार्टअप धावत येईल? ती सरकारनेच करायची, आणि पुण्यात औंधला पशुजैव पदार्थ निर्मिती संस्थेच्या रूपात तो कारखाना आपल्याकडे आहेही. एम्सची नक्कल करून तोच बाजूला पडला, तर मी दुसऱ्या तटात जाऊन बसेन.

एम्सकडून मागायचंच असेल तर मी एकच गोष्ट मागेन. साथ पेटलेली असताना जनावरांच्या लसीला सशर्त परवाना देणारी आणि त्यासाठी ठरलेल्या मुदतीत उत्तर देणारी खिडकी. तिला एक गुंठाही जमीन लागत नाही, म्हणून बहुधा ग्रुपवर तिच्यावर कुणी बोलत नाही.

बायोव्हेटच्या परवान्याची बातमी मी त्याच दिवशी अण्णांना पाठवली होती. त्यांनी विचारलं, "आपल्या दवाखान्यात कधी येणार?" मी तारखा, संस्था, टप्पे असं बरंच काही सांगत बसलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, बरं, गाईला पाणी दाखवायचंय, ठेवतो.